तटस्थतेचे मोल कोण देतो?

दोन बलाढ्य पक्षांत युद्ध जुंपले असता तिसऱ्या राष्ट्राने प्रथम त्यापासून अलिप्त राहण्याची घोषणा करावी, वर्ष-दोन वर्षे ती कसोशीने पाळावी, आणि मग एके दिवशी आपल्या दरबारात किंवा विधिमंडळात ठराव करून स्वतःच रणात उतरावे, ही घटना जगाच्या इतिहासात इतक्या वेळा घडली आहे की तिची कारणे सांगणे इतिहासकाराला मुळीच जड जात नाही. कोणाला गमावलेला मुलूख परत हवा असतो, कोणाची जहाजे बुडालेली असतात, कोणाला विजयी पक्षाच्या तहनाम्यावर आपली मोहोर उठवावयाची असते, तर कोणाच्या सरहद्दीवर खरोखरीच फौजा येऊन ठाकलेल्या असतात. ही कारणे खोटी नसतात; परंतु कारण सापडल्याने कृत्याचे समर्थन होत नाही. काल जे युद्ध आपले नव्हते ते आज आपले झाले, तर त्या युद्धाच्या न्यायान्यायात कालपासून आजपर्यंत कोणता पालट झाला? ते अन्याय्य होते म्हणून आपण दूर राहिलो असू, तर आज त्यात शिरलो कसे? आणि ते न्याय्य होते असे आज आपणांस पटले असेल, तर काल जी माणसे मेली त्यांच्या मरणाचे आपण केवळ साक्षीदार कसे राहिलो? या प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्यात मिळत नाहीत. त्यांसाठी धर्मविचाराकडेच वळावे लागते.

असला प्रश्न उपस्थित करण्यास अक्कलकोटाइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. सोलापूरच्या आग्नेयेस, जेथे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात सारख्याच सहजतेने कानावर पडतात, तेथे वसलेल्या या गावाची ख्याती दोन गोष्टींमुळे आहे: एक श्रीस्वामी समर्थांचे वटवृक्ष मंदिर आणि समाधिमठ, आणि दुसरी भोसले घराण्याच्या राजवाड्यातील शस्त्रागार. ज्याने आयुष्यात कशाचाही संचय केला नाही अशा अवधूताचे स्थान, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, भाले, बंदुका यांचा संचय केला त्यांचे दालन, ही दोन्ही हाकेच्या अंतरावर असावीत, आणि सकाळी एका ठिकाणी नारळ ठेवणाऱ्या यात्रेकरूने दुपारी दुसऱ्या ठिकाणी कौतुकाने शस्त्रे न्याहाळावीत, यात आपल्याकडे कोणालाच विसंगती वाटत नाही. आपल्या समाजमनाने वैराग्य आणि शस्त्र यांना एकाच गावकुसाच्या आत नांदविले आहे. त्यांच्यातला वाद मात्र कधी मिटविलेला नाही.

त्यातही अक्कलकोट संस्थानाचा उगम या विषयाशी विलक्षण निगडित आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली मोगलांच्या छावणीतून सुटलेले शाहू महाराज दक्षिणेस येत असता पारद गावच्या लोखंडे पाटलाने त्यांच्या लोकांना विरोध केला, त्या झटापटीत तो मारला गेला, आणि त्याच्या विधवेने आपले लहान मूल शाहूंच्या पायांवर घातले. महाराजांनी त्या मुलाला जवळ केले, विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला भोसले कुळात स्थान दिले, आणि पुढे अक्कलकोटची जहागीर त्याच्याकडे आली. शाहू आणि ताराबाई यांच्यातील वारसाहक्काचे युद्ध पारदच्या पाटलाने सुरू केलेले नव्हते, आणि त्याच्या निकालाने त्याच्या पाटिलकीत फारसा फरकही पडला नसता. परंतु मोठ्यांचे युद्ध लहानाच्या वेशीत शिरताना त्याची परवानगी मागत नाही. वेस उघडली तरी एक बाजू घेतल्यासारखे होते आणि लावून घेतली तरी दुसरी. ज्या घराण्याने पुढे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ अक्कलकोटावर अंमल चालविला, त्याच्या मुळाशी अशा एका लहान माणसाचा निर्णय आणि त्याचे मरण आहे.

पुढचा इतिहास तितकाच बोलका आहे. अक्कलकोटाने सातारच्या छत्रपतींच्या दिमतीस स्वारांचे पथक द्यावे अशी चाकरी होती. सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रज सरकारकडे वर्ग झाली. आणि १८६८ साली ते पथक मोडून त्याऐवजी संस्थानाने दरसाल रोख रकमेचा भरणा करावा असे ठरले. राजवाड्यातले घोडे कमी झाले, सरकारी खजिन्यातली रक्कम वाढली, आणि ती रक्कम अखेर ज्वारी-तूर पिकविणाऱ्या रयतेच्या साऱ्यातूनच गेली. त्या रकमेतून जगाच्या पाठीवर कोठे कोणत्या युद्धाचा दारूगोळा घेतला जाई, हे त्या रयतेस कोण सांगणार होते? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी देशातील एकाही लोकनियुक्त विधिमंडळाचा सल्ला घेतला नव्हता. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि मुंबईचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही त्यांत होते. संस्थानी प्रजेला तर राजीनामा देण्यासारखेही काही नव्हते. यावरून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते, ती ही की युद्धापासून दूर राहण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचाच एक भाग आहे. परतंत्राची शांतता ही त्याची स्वतःची नसते, आणि त्याचे युद्धही त्याचे नसते. म्हणूनच ज्याला हा अधिकार आहे त्याच्यावर जबाबदारीही आहे. आपण दूर राहिलो तर त्या दूर राहण्याचे मोल नेमके कोण देणार, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारलाच पाहिजे. माझ्या मते तटस्थतेची आणि तटस्थता सोडून युद्धात पडण्याची, दोहोंची धर्म्य कसोटी याच एका प्रश्नात साठविलेली आहे.

आपल्या प्राचीन राजनीतीला ही जाणीव होती. कौटिल्याने राजाच्या परराष्ट्रनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत संधि आणि विग्रह यांच्याच पंक्तीला त्याने आसनाची, म्हणजे योग्य समय येईतो स्वस्थ बसण्याची, गणना केली आहे. स्वस्थ बसणे हीदेखील राज्याची एक कृतीच आहे आणि तिचाही हिशेब द्यावा लागतो, हा त्याचा अर्थ. उदासीन राजा म्हणून ज्याचे तो वर्णन करतो, तो लढणाऱ्या पक्षांहून बलवान, त्यांच्यावर अनुग्रह किंवा निग्रह करण्यास समर्थ असा राजा आहे. ज्याच्या अंगी कोणाला आवरण्याचे सामर्थ्यच नाही त्याचे गप्प बसणे ही नाइलाजाची गोष्ट झाली. तिच्यावर सद्‌गुणाचा शिक्का मारता येत नाही.

महाभारतकारांनी तर उद्योगपर्वापासूनच या विषयाचे सर्व प्रकार आपल्यासमोर मांडून ठेवले आहेत. मद्रदेशचा शल्य पांडवांच्या मदतीस निघाला असता वाटेत दुर्योधनाने त्याच्या सरबराईची अशी काही व्यवस्था केली, की ती युधिष्ठिराचीच समजून तो संतुष्ट झाला, वर देऊन बसला, आणि स्वतःच्या भाच्यांविरुद्ध लढण्यास बांधला गेला. पाहुणचाराच्या ओशाळेपणाने युद्धात ओढली गेलेली राष्ट्रे पुढेही पुष्कळ झाली. विदर्भाचा रुक्मी मोठी सेना घेऊन आला आणि तुम्हांला भीती वाटत असेल तर मी साहाय्य करतो, असे अर्जुनाला म्हणाला. तेथे नकार मिळाल्यावर तो दुर्योधनाकडे गेला आणि तेथूनही परत फिरला. त्याची तटस्थता ही दोघांनीही नाकारलेल्या अहंकाराची तटस्थता होती. बलराम मात्र दोन्ही पक्षांत आपले आप्त आणि शिष्य आहेत हे जाणून सरस्वतीतीरीच्या तीर्थयात्रेस निघून गेला. त्याने मान, कीर्ती आणि विजयाचा वाटा या तिहींवर उदक सोडले, कोणालाही शस्त्र पुरविले नाही, आणि त्याच्या दूर राहण्याचे मोल त्याने स्वतःच दिले. तथापि अखेरच्या गदायुद्धाच्या प्रसंगी भीमाने मांडीवर केलेला प्रहार पाहून नांगर उगारण्याइतका तोही क्षुब्ध झालाच. बलरामासारख्यालाही अखेरपर्यंत जे पेलले नाही, ते सामान्य राजांना पेलेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

परंतु या सर्वांहून बोधप्रद उदाहरण यादवांचे आहे. त्यांच्या कुळाने एक मधला मार्ग काढला: कृतवर्मा नारायणी सेनेसह कौरवांकडे गेला, सात्यकी पांडवांकडे गेला, आणि श्रीकृष्णाने निःशस्त्र सारथ्य पत्करले. दोन्ही पक्षांशी संबंध राखल्याने कुळ सुरक्षित राहील असे कोणालाही वाटले असते. युद्ध संपले, छत्तीस वर्षे लोटली, आणि प्रभासक्षेत्री याच कृतवर्म्याने आणि याच सात्यकीने युद्धातील कृत्यांवरून एकमेकांस टोमणे मारले. सात्यकीने कृतवर्म्याचा शिरच्छेद केला आणि त्या कलहात सारे यादवकुळ आपसांत लढून नाहीसे झाले. दोन्ही पक्षांना थोडे थोडे देऊन विकत घेतलेली शांतता ही उधारीची शांतता असते, आणि ती उधारी पुढे घरातच फेडावी लागते, हे मौसलपर्वात जितक्या कठोरपणे सांगितले आहे तितके अन्यत्र क्वचितच सापडेल.

आता मराठ्यांच्या इतिहासाकडे पाहू. १७६० सालच्या उन्हाळ्यात अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या दरबारात दोन्ही पक्षांची मनधरणी चालू होती. एकीकडे मराठ्यांचे खलिते होते, आणि त्याचा बाप सफदरजंग याने काही वर्षांपूर्वी मराठ्यांचेच साहाय्य घेतलेले होते. दुसरीकडे नजीबउद्दौला अब्दालीच्या वतीने स्वतः त्याच्याकडे येऊन पोहोचला होता. शुजाला कोणाविषयीच आत्मीयता नव्हती. अखेर जो जवळ होता आणि ज्याच्याकडून वजिरी मिळण्याचा संभव अधिक दिसला, त्याच्याकडे तो गेला. जुलै महिन्यात अनूपशहराच्या छावणीत तो अब्दालीला मिळाला आणि अब्दालीची पिछाडी निर्धास्त झाली. याच्या उलट भरतपूरचा सूरजमल जाट. तो प्रथम मराठ्यांबरोबर होता, पुढे मतभेद होऊन त्यांना सोडून गेला आणि १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामात कोणाच्याच बाजूने उभा राहिला नाही. परंतु पानिपताहून जीव घेऊन पळालेली, उपाशी, उघडी, जखमी माणसे त्याच्या मुलखात शिरली, तेव्हा त्याने आणि त्याच्या राणीने त्यांना अन्न, वस्त्र, औषध आणि वाटखर्ची दिली. विजयी अब्दाली अद्याप दिल्लीच्या परिसरात असता हे करणे निर्धोक नव्हते. शुजाने तटस्थता सोडली ती लाभासाठी, आणि चारच वर्षांत, १७६४ साली, बक्सारच्या रणात इंग्रजांकडून पराभव पावून त्या लाभाची शाश्वती किती होती हे त्याने पाहिले. सूरजमलाने तटस्थता राखली, पण तिचे मोल पराजितांच्या माथी न मारता स्वतःच्या कोठारातून दिले. मराठी मन त्या दोघांना कधी एका मापाने मोजत नाही, आणि ते योग्यच आहे.

परंतु सर्वांत जिव्हाळ्याचे आणि म्हणूनच सर्वांत अवघड उदाहरण यशवंतराव होळकरांचे. त्यांच्या रोषाला कारणे होती. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने त्यांचा भाऊ विठोजी पुण्यात हत्तीच्या पायी दिला गेला. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा मोड केला, बाजीराव वसईस पळाला, आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पत्करली. १८०३ साली दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले हे इंग्रजांविरुद्ध उभे राहिले तेव्हा होळकरांनी यावे म्हणून बोलावणी गेली. होळकर माळव्यात राहिले. पुढचा घटनाक्रम प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक आहे: सप्टेंबरात दिल्ली आणि असई, नोव्हेंबरात लासवारी आणि अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि वर्ष संपण्यापूर्वी देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथील तह. चार-पाच महिन्यांत उत्तरेतील आणि दक्षिणेतील मराठी सत्तेचा कणा मोडला. आणि त्यानंतर, १८०४ साली, ज्या युद्धात दोन साथीदार मिळाले असते, तेच युद्ध होळकर एकटे लढले. त्यांनी कर्नल मॉन्सनची दैना केली, भरतपूरच्या तटापुढे लॉर्ड लेकलाही वारंवार अपयश आले, परंतु सरतेशेवटी होळकर मदतीच्या आशेने पंजाबात गेले तेव्हा महाराजा रणजितसिंहांनी त्यांना तेच उत्तर दिले, जे होळकरांनी स्वतः १८०३ साली शिंदे-भोसल्यांना दिले होते. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला.

यशवंतरावांना दोष देणे सोपे आहे आणि अन्याय्यही आहे. भावाचे रक्त ज्याच्या दारी सांडले त्याच्या मदतीस धावून जा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्रश्न रोषाच्या न्याय्यतेचा नाही. असईच्या रणावर जे शिपाई पडले त्यांनी विठोजीला मारले नव्हते, आणि होळकरांच्या अलिप्ततेचे मोल त्यांनी दिले, बाजीरावाने दिले नाही. राजाचा राग राजावर असतो, पण त्याच्या तटस्थतेचा दंड रयतेवर आणि शिपायावर बसतो. आणि हा दंड दुसऱ्यांनी भरेपर्यंत थांबून मग युद्धात उतरणाऱ्यास शौर्याची कीर्ती मिळते, परंतु युद्धाचा हेतू तोवर हातातून निसटलेला असतो. शेजारच्या खळ्यावर कडब्याच्या गंजीला आग लागली असता शेजाऱ्याशी भाऊबंदकी आहे म्हणून जो बादली उचलत नाही, त्याची गंजही वारा फिरला की त्याच आगीत जाते.

गोमंतकाची कथा निराळी आहे, कारण तेथे तटस्थता लोकांची नव्हती, लिस्बनच्या सरकारची होती. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी शत्रूच्या पाठलागापासून बचाव करण्यास जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगावच्या बंदरात आसरा घेतला. १९१६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या विनंतीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतील अशी जहाजे ताब्यात घेण्यास आरंभ केला, आणि ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल अखेरपर्यंत तटस्थ राहिले. तरीही त्याच मुरगाव बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज अडकून पडले होते, आणि त्यांपैकी 'एरनफेल्स'वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात अशी इंग्रजांची खात्री झाली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पथकातील प्रौढ वयाची माणसे एका संथ बार्जमधून त्या तटस्थ बंदरात शिरली आणि त्यांनी 'एरनफेल्स'वर हल्ला केला. जर्मन आणि इटालियन खलाशांनी आपली जहाजे आपणच जाळून बुडविली. ही हकीकत सुमारे ३५ वर्षे गुप्त राहिली. त्याच बंदरात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'ग्रिप्सहोम' आणि 'तेइया मारू' ही जहाजे लागली आणि अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या स्थानबद्ध नागरिकांची अदलाबदल केली. एकच बंदर, एकच तटस्थता. एका प्रसंगी तिच्या आडून कोणाचा घात होत असल्याचा संशय, दुसऱ्या प्रसंगी तिच्यामुळेच शेकडो माणसे आपापल्या घरी परतली. यावरून तटस्थता ही स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही. तिचा वापर कोणासाठी होतो आणि तिचा भार कोणावर पडतो, यावरच तिचे मोल ठरते.

युरोप-अमेरिकेतील दोन उदाहरणे येथे थोडक्यात पुरतील. १९१४ साली इटलीचे पंतप्रधान सालांद्रा यांनी आपल्या राष्ट्राच्या धोरणाला 'पवित्र स्वार्थ' असे नाव दिले, आणि २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनच्या गुप्त तहात प्रदेशांची आश्वासने पदरात पाडून घेऊन पुढच्याच महिन्यात इटली युद्धात उतरली. स्वार्थाच्या मागे पवित्र हे विशेषण लावण्याची गरज पडावी, यातच त्या स्वार्थाची अस्वस्थता प्रकट होते. अमेरिकेने मात्र जवळजवळ पावणेतीन वर्षे तटस्थता पाळली. १९१५ साली 'लुसिटानिया' बुडाली, ११०० हून अधिक माणसे मेली, तरीही ती ढळली नाही. १९१६ ची निवडणूक विल्सन यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या श्रेयावर जिंकली. तथापि याच काळात अमेरिकन कारखाने आणि पेढ्या मुख्यत्वे एकाच पक्षाला दारूगोळा आणि कर्ज पुरवीत होत्या. म्हणून ६ एप्रिल १९१७ चा निर्णय हा बाहेरून आत पडलेले पाऊल नव्हते. हिशेबाच्या वहीत अमेरिका आधीच युद्धात होती. त्या दिवशी तिने आपल्या मुलांची नावे त्या वहीत चढविली. तोवरच्या तटस्थतेचे मोल फ्रान्सच्या खंदकांत इतरांनी दिले होते आणि तिचा नफा अमेरिकेत जमा झाला होता. हे ध्यानात घेतले म्हणजे विल्सन यांच्या भाषणांतील तत्त्वनिष्ठा खोटी ठरत नाही, पण ती उशिरा आली हे मात्र मान्य करावे लागते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, गीतेने ज्या समत्वाची स्तुती केली, सर्व संतांनी ज्या निर्वैरतेचा उपदेश केला, तिचे या विवेचनात स्थान काय? अक्कलकोटला एक आख्यायिका सांगितली जाते, ती या ठिकाणी आठवते. वासुदेव बळवंत फडके उठावाचा संकल्प करून स्वामी समर्थांच्या दर्शनास आले आणि आशीर्वादासह परत हाती मिळावी म्हणून त्यांनी आपली तलवार स्वामींपुढे ठेवली. स्वामींनी ती त्यांच्या हाती दिली नाही. ती झाडावर ठेवावयास सांगितली. फडक्यांनी काय समजावयाचे ते समजून घेतले, तलवार आपल्या हाताने उचलली आणि ते निघून गेले. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या रयतेसाठी त्यांनी १८७९ च्या आरंभी बंड उभारले, त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. भाविक या कथेचा अर्थ काळ अनुकूल नव्हता असा लावतात. मला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो: संन्याशाने तलवार आपल्या हाताने दिली नाही आणि मोडूनही टाकली नाही. निर्णयाचा भार ज्याचा त्याच्यावरच ठेवला. तपस्व्याची उदासीनता कोणाच्या जिवावर उठत नाही, कारण त्याच्यापाशी ना बंदर असते, ना धान्याची कोठारे, ना घाट अडविण्याचे सामर्थ्य. राज्यापाशी हे सर्व असते. त्यामुळे राज्याने संन्याशाची भाषा उसनी घेतली की ती भाषा बहुधा एखाद्या आक्रमकाच्याच उपयोगी पडते.

मग व्यक्तीने युद्धाला नकार द्यावा की नाही? त्याचेही उत्तर या मातीतच मिळते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनारला, देशाला न विचारता लादलेल्या युद्धाविरुद्ध, वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि ते तुरुंगात गेले. गीतेचे मराठीत रूपांतर करणाऱ्या या पुरुषाची युद्धविन्मुखता आळसाची नव्हती, भीतीची नव्हती आणि लाभाची तर नव्हतीच. तिचे मोल त्यांनी स्वतःच्या देहाने दिले. हाच तो दंडक आहे. ज्या नकाराचे मोल नकार देणारा स्वतः देतो तो धर्म्य आहे. ज्या नकाराचे मोल शेजारी देतो तो नकार नसून भागीदारी आहे. आणि युद्धात पडण्यासही हाच दंडक लागू आहे: दुसऱ्याच्या माथी पडलेला भार आपल्या खांद्यावर घेण्यासाठी जो युद्धात उतरतो त्याचा निर्णय धर्म्य असू शकतो, जो लुटीच्या वाटणीची वेळ साधून उतरतो त्याचा असू शकत नाही.

राष्ट्रांच्या हेतूंत भेसळ असतेच, हे मी नाकारीत नाही. राजा हा रयतेच्या प्राणांचा विश्वस्त आहे. केवळ स्वतःच्या अंतःकरणशुद्धीसाठी दुसऱ्यांच्या मुलांना रणात धाडण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून त्याने लाभहानीचा विचार केला तर तो त्याचा धर्मच आहे. १९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले तेव्हा भारताच्या निर्णयात करुणेबरोबर स्वहिताचीही गणना होती. पण तो भार आठ-नऊ महिने भारताने स्वतः वाहिला, आपल्या छावण्यांतून निर्वासितांना अन्न दिले, आणि ३ डिसेंबरला हवाई हल्ला झाल्यावर उघडपणे युद्ध पत्करले. हेतूंची भेसळ धर्माच्या आड येत नाही. मोल दुसऱ्यांकडून वसूल करून हेतू मात्र शुद्ध असल्याचा आव आणणे आड येते.

यास्तव तटस्थ राष्ट्राच्या धर्माविषयी माझा निष्कर्ष असा आहे. जोवर तटस्थतेने मध्यस्थी करता येते, आश्रितांना आसरा देता येतो, कैदी सोडविता येतात, तोवर ती राखणे हे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांचा रोष सहन करण्याची तयारी हवी. परंतु आपले बंदर, आपला व्यापार, आपले मौन यांच्यामुळे दुर्बळाचा घात होतो आहे असे दिसू लागले, की त्या दिवसापासून आपण तटस्थ उरत नाही, मग विधिमंडळात ठराव होवो वा न होवो. तो दिवस ओळखून, अद्याप निवडीला वाव असता आणि साथीदार शिल्लक असता, उघडपणे बाजू घ्यावी. १९३९ साली ज्या देशाच्या वतीने दुसऱ्यांनी युद्ध पुकारले त्या देशाच्या नागरिकांना हा विचार परका वाटू नये. आपल्या राज्यकर्त्यांनी एखाद्या दूरच्या युद्धात तटस्थता जाहीर केली तर तिचे स्वागत अवश्य करावे. मात्र त्याच वेळी तिचे मोल कोण देतो आहे हे त्यांना विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.